पट्टीवाचून इन्सुलिन : आधी नकार लेखी मिळवा

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार आहोत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी टाइप १ मधुमेह निघाला. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून इन्सुलिन मिळते, पण साखर मोजण्याच्या पट्ट्या मिळत नाहीत. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा मोजायला लिहून दिले आहे. पन्नास पट्ट्यांची डबी ९५० रुपयांना पडते, म्हणून आम्ही दोन दिवसांतून एकदा मोजतो. रात्री तिची आई कपाळावर हात ठेवून घाम आला आहे का ते पाहते. औषध वाटपाच्या खिडकीवर ‘पट्ट्या तपासणीसाठी आहेत, घरी द्यायला नाहीत’ असे सांगतात. दंडाला लावायचा सेन्सर सरकारकडून मिळतो का? एकाने ग्राहक मंचात जा म्हणून सांगितले. रेशनकार्ड पिवळे आहे. दिवाळीनंतर आम्ही फडावर जाऊ. कायद्याने काय करता येईल?

उत्तर : आपण दिलेला हिशेब मी पुन्हा मांडून पाहिला. दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२० पट्ट्या, आणि एका पट्टीचे १९ रुपये धरले तर २,२८० रुपये होतात. आपण मोजता ते महिन्यातून पंधरा वेळा. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या आठ मोजण्यांपैकी एकच होते आणि उरलेल्या सात वेळा इन्सुलिन अंदाजाने टोचले जाते. साखर उतरली की घाम फुटतो हे खरे, परंतु गाढ झोपेतल्या मुलीच्या बाबतीत तेवढ्या एका खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे, आणि ही गोष्ट त्या माउलीला माझ्यापेक्षा अधिक कळते म्हणूनच ती रात्री उठते. हे सर्व मी आधी लिहिले, कारण आपल्या प्रकरणाचा पाया हाच आहे. इन्सुलिन दिले आणि ते किती द्यायचे हे ठरवण्याचे साधन दिले नाही, तर उपचार दिला असे म्हणता येत नाही. अर्जापासून न्यायालयापर्यंत जे काही लिहाल त्यात हे वाक्य पहिले असू द्या.

आता कायद्याची स्थिती जशी आहे तशी सांगते. टाइप १ मधुमेह असलेल्या प्रत्येक मुलाला घरी वापरण्यासाठी पट्ट्या मोफत द्याव्यात, असे थेट शब्दांत सांगणारा कायदा आज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे, त्यात मधुमेह नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पण त्याच्या मूळ आजारांच्या यादीतही तो नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला लागू आहे आणि मुलगी अत्यवस्थ होऊन दाखल झाली तर तिचा उपयोग होईल, मात्र ती योजना मुख्यतः दाखल रुग्णाच्या उपचारांसाठी असल्याने महिन्याच्या पट्ट्यांचा खर्च तिच्यातून निघत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे म्हटले होते, पण धोरणातील उद्दिष्ट दाखवून न्यायालयाकडून आदेश मिळत नसतो.

तरीही आपली बाजू दुबळी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात (१९९६) रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकापाठोपाठ एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई दिली आणि पैसा नाही या कारणाने राज्याला आपल्या घटनात्मक जबाबदारीतून सुटता येणार नाही, असे स्पष्ट केले. ते प्रकरण तातडीच्या उपचाराचे होते, हे विसरू नये. आपल्याला अधिक जवळचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. मोहम्मद अहमद या प्रकरणात (२०१४) एका रिक्षाचालकाच्या लहान मुलाला गोशे नावाचा दुर्मीळ आजार होता, औषध मिळत होते पण ते आयुष्यभर लागणारे आणि अतिशय महाग होते. न्यायालयाने दिल्ली सरकारला त्याचा उपचार मोफत करण्यास सांगितले. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण त्याचा आधार घेऊन युक्तिवाद करता येतो. शिवाय त्या औषधाच्या तुलनेत आपली मागणी महिन्याला दोन-अडीच हजारांची आहे.

याच्या उलट बाजूचाही निकाल आहे आणि सरकारी वकील तो नक्की पुढे करतील. पंजाब राज्य विरुद्ध रामलुभाया बग्गा (१९९८) मध्ये, कोणत्याही राज्याकडे अमर्याद निधी नसतो आणि वैद्यकीय खर्चावर सरकार मर्यादा घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणूनच सेन्सरची मागणी आपण पहिल्या अर्जात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाला चिकटवायचा सेन्सर साखर सतत दाखवतो आणि रात्री त्याचा मोठा आधार होतो, हे मी नाकारत नाही. परंतु तो साधारण चौदा दिवसांनी बदलावा लागतो, महाग असतो, आणि ‘पट्ट्यांवर भागत असताना हे कशाला’ या एका प्रश्नात सगळी मागणी अडकते. आधी पट्ट्या मिळवा. चार वेळा मोजूनही रात्री साखर वारंवार उतरते असे वहीतून दिसले आणि डॉक्टरांनी कारणासह सेन्सर लिहून दिला, तर त्या वेळी ती मागणी वैद्यकीय गरज म्हणून उभी राहील. केरळ सरकार बालमधुमेहींसाठी ‘मिठायी’ नावाची योजना चालवते आणि तिच्यात इन्सुलिनबरोबर साखर मोजण्याची साधनेही देते. एक राज्य हे करते, एवढे दाखवायला तिचा उपयोग होईल.

खिडकीवर मिळालेल्या उत्तराकडे येते. ‘पट्ट्या तपासणीसाठी आहेत’ हे वाक्य आपल्याला नकारासारखे वाटले, मला मात्र त्यात कबुली दिसते. असंसर्गजन्य, म्हणजे मधुमेहासारख्या संसर्गाने न पसरणाऱ्या, रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो आणि त्यात केंद्राचा वाटा ६० व राज्याचा ४० टक्के असतो. या कार्यक्रमात तीस वर्षांवरील लोकांची साखर तपासली जाते, आशाताई त्यासाठी घरोघरी माहिती भरून घेतात, आणि पट्ट्यांची मागणी नोंदवली जाते ती या तपासणीच्या उद्दिष्टावरून. आपली मुलगी तीस वर्षांची नाही आणि तिची तपासणी होऊन दोन वर्षे झाली, म्हणून तिच्या नावाची पट्टी कोणत्याही मागणीपत्रात बसत नाही. म्हणजे पट्ट्या रुग्णालयात आहेत, त्या कोणासाठी मागवायच्या हे ठरवताना मुले वगळली गेली आहेत. ज्याला मधुमेह आहे की नाही हे अजून माहीत नाही त्याच्यासाठी पट्टी आहे, आणि जिचा जीव रोजच्या इन्सुलिनवर आहे तिच्यासाठी नाही. हा भेद कशाच्या आधारावर केला, हे समानतेचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद १४ खाली विचारता येते. निधीच नाही या बचावापेक्षा या प्रश्नाचे उत्तर देणे सरकारला कठीण जाईल.

परंतु हे विचारण्याआधी हातात कागद हवा. खिडकीवरचा तोंडी नकार न्यायालयात सिद्ध करता येत नाही. म्हणून पहिला अर्ज रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांच्या नावे करा आणि त्याची प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना द्या. मजकूर लांब नको. मुलीचे वय, आजार, केसपेपर क्रमांक, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मोजण्या, आणि मग एवढेच : ‘महिन्याला १२० पट्ट्या व लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) नियमित मिळाव्यात. साठा नसल्यास रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करून द्याव्यात. देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य गाळू नका. आवक-जावक विभागात अर्ज देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केलेले आहेत, याचा उल्लेख एका ओळीत करावा.

डॉक्टरांनी ‘दिवसातून चार वेळा’ हे कशावर लिहिले, तेही पाहा. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर असेल तर सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर ते पुन्हा लिहून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२२ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत आणि घरी साखर मोजणे हा त्या उपचाराचा भाग आहे. सरकारी डॉक्टरांनी ते लिहून देण्यात गैर काहीच नाही. पट्ट्यांची बिले जपून ठेवा आणि एक वही घाला. तारीख, वेळ, साखर, इन्सुलिनचे युनिट असे चार रकाने पुरेत. ज्या वेळी पट्टी नव्हती म्हणून मोजले नाही त्या वेळी रकाना कोरा सोडू नका, ‘पट्टी नाही’ असे लिहा. महिन्याच्या पानावर शंभरावर ठिकाणी ‘पट्टी नाही’ दिसले, तर वकिलाला फार बोलावे लागत नाही.

याच सुमारास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा जोडल्यास तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून तक्रार न लिहिता फक्त कागद मागा. गेल्या दोन आर्थिक वर्षांत असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात पट्ट्यांसाठी मंजूर, प्राप्त व खर्च झालेला निधी, ई-औषधी या औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीतील पट्ट्यांच्या साठ्याची नोंद, वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवलेली मागणीपत्रे आणि मुदत संपून बाद झालेल्या पट्ट्यांची संख्या एवढे पुरे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण साठ्याच्या नोंदींना ती लागू आहे की नाही या वादात वेळ जाईल, म्हणून तिच्या मागे लागू नका.

ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जाण्याचा सल्ला मात्र सोडून द्या. जिथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ती रुग्णालये ग्राहक कायद्याच्या बाहेर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) मध्ये ठरवले आणि २०१९ च्या कायद्यातही निःशुल्क सेवा वगळलेली आहे.

लेखी नकार आला, किंवा अर्ज पोहोचून महिना उलटला तरी काहीच उत्तर आले नाही, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येईल. याचिका मुलीच्या नावे होईल आणि आपण तिचे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून सही कराल. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि आपली मुलगी दोन्हींत बसते. बीडच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. त्याच खिडकीवर इन्सुलिन घेणारी आणखी मुले आपल्याला दिसत असतील. त्यांच्या पालकांशी बोला. चार-पाच कुटुंबे एकत्र आली तर न्यायालयासमोर एका घराची अडचण न राहता व्यवस्थेतील त्रुटी उभी राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्याला आरोग्यावरची तरतूद आणि औषध खरेदी यांबद्दल जाब विचारला होता. मराठवाड्यातील रुग्णालयांच्या साठ्याचा विषय त्या न्यायालयाला नवा नाही.

तोवर पट्ट्या विकत घ्याव्याच लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्के बिल मागा आणि कराचा दर पाहा. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा, मात्र पट्टी ज्या यंत्राची त्याच यंत्रात चालते हे ध्यानात ठेवून.

राहिला फडाचा प्रश्न. मुलगी बरोबर येणार असेल तर निघण्यापूर्वी केसपेपरच्या साक्षांकित प्रती आणि डॉक्टरांचे संदर्भपत्र घ्या. कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचल्याच्या आठवड्यात नाव नोंदवा, ‘तुम्ही बीडचे’ म्हणून तिला परत पाठवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुकादमाने कर्नाटकातील कारखाना घेतला असेल तर आयुष्मान कार्ड काढल्याशिवाय निघू नका, ते राज्याबाहेरही चालते. मुलगी आजीजवळ हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर राहणार असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. मुलांना शाळेत साखर मोजू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि मधल्या वेळचे खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये राज्यांना कळवलेले आहे.

दोन्ही अर्ज दिवाळीच्या आत द्या आणि पत्ता गावाचाच घाला, पण लिफाफा घेणारे माणूस आजच ठरवा. पोस्टमन नोंदणीकृत पत्र आणील तेव्हा आपण उसाच्या फडात असाल. ते पत्र ‘घर बंद’ असा शेरा मारून परत गेले, तर ज्या लेखी नकारासाठी ही सगळी खटपट केली तोच हातचा जाईल.