आनंदी व्हायचीच भीती वाटते

"ताई, मी टेन्शन घेतलं तर बाळाला काही होईल का? पण टेन्शन घेऊ नको तर काय करू, मागच्या वेळी..."

वाक्य बहुतेक वेळा इथेच तुटतं. इंदूरच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे अर्धं वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. विचारणारीचं एक बाळ आधी पोटातच गेलेलं असतं, आता पुन्हा दिवस राहिलेले असतात, आणि घरातलं माणूस न् माणूस तिला एकच सांगत असतं: पॉझिटिव्ह राहा. झालं, म्हणजे बिचारीच्या डोक्यावर एकाची दोन ओझी. बाळ जाईल हे एक, आणि मी घाबरते म्हणून ते जाईल हे दुसरं. हे दुसरं ओझं आपण, तिच्या माणसांनी, तिला दिलेलं असतं. मी आधी तेवढं उतरवून घेते.

रोजच्या काळजीने, रडण्याने, रात्री दचकून उठण्याने गर्भ पडत नाही. दिवस राहिल्याची खात्री झालेल्या 100 बायकांपैकी साधारण 10 ते 20 जणींचा गर्भपात होतो. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते, आणि ती बहुतेकदा अगदी सुरुवातीलाच झालेली असते. त्यात स्कूटरचा, ऑफिसच्या जिन्याचा किंवा सासूशी झालेल्या भांडणाचा काही हात नसतो. एकदा असं झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं.

मेधाला (नाव बदललं आहे) हे सगळं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ते पाठ होतं. "कळतं, ताई. वळत नाही," ती म्हणाली.

शेवट आधीच सांगून टाकते, कारण वाचणारी कुणी गरोदर असेल तर ती आधी खाली जाऊन शेवट बघेल, हे मला अनुभवाने माहीत आहे. मेधाला मुलगी झाली, आता अडीच वर्षांची आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या आधीच्या महिन्यांबद्दल.

ती पहिल्यांदा आली तेव्हा दहावा आठवडा चालू होता. दवाखान्याची फाइल साडीच्या दुकानातल्या पिशवीत घालून आणली होती, कुणाला दिसू नये म्हणून. नवरा खाली स्कूटरवर बसून होता. पहिल्या वेळी अकरा आठवडे पूर्ण झाल्यावरच्या सोनोग्राफीला दोघं हसत गेले होते. "पोटावर ते गार जेल लावलं. डॉक्टर माझ्याशी बोलत होत्या, नोकरी कुठे वगैरे. मग बोलता बोलता गप्प झाल्या, आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतली." चौथ्या दिवशी ती कामावर हजर होती. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिच्या ऑफिसनेही सांगितलं नाही. (आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो. बाळ गेलेल्या बाईला मात्र कुणी धड बसूही देत नाही.)

आता ती "बाळ" हा शब्दच उच्चारत नव्हती. "रिपोर्ट चांगला आहे," म्हणायची. कितवा आठवडा विचारलं तर "बघावं लागेल." खरं तर तिला दिवसासकट ठाऊक होतं. ठोके ऐकायचं डॉपलर ऑनलाइन मागवलं होतं. रात्री दोनला बाथरूमचं दार लावून ती ते पोटावर फिरवत बसायची, ठोके सापडले नाहीत की नवऱ्याला उठवून इमर्जन्सीत. तीनदा झालं होतं. दहा-बारा आठवड्यांत घरच्या यंत्रावर ठोके न सापडणं अगदी साधं आहे. पुढच्या महिन्यांत उलटा धोका: आईचीच नाडी बाळाची समजून, हालचाल मंदावलेली असतानाही बाई निर्धास्त घरी राहते. ते यंत्र मी तिला माहेरच्या कपाटात ठेवून यायला सांगितलं. तिने ठेवलं, पण कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. चालेल म्हटलं.

दुसऱ्या भेटीत तिने वेगळंच काढलं. खजराण्याच्या गणपतीला मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढतात, हे इंदूरकरांना सांगायला नको. मागच्या वेळी सासूबाईंनी तो काढला होता.

"तो उलटाच राहिला ना, ताई. आई आता म्हणतात, पुन्हा काढू. पण आधीचा तसाच आहे. त्याचं काय?"

मी कुणाच्या श्रद्धेशी वाद घालत नाही. पण तो प्रश्न लिहून ठेवला.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची माणूस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955मध्ये मांडायला सुरुवात केलेली, मनातले हट्टी विचार ओळखून बदलायची ही पद्धत मराठीत काम करताना मला फार सोपी जाते, कारण आपल्या भाषेत दुखणं एका अक्षरात पकडता येतं. मेधा दर दोन वाक्यांनी म्हणायची, "या वेळी नीट व्हायलाच हवं." मी तिला ते वाक्य कागदावर लिहायला लावलं आणि त्यातला 'च' खोडायला सांगितला. या वेळी नीट व्हायला हवं. मग, या वेळी नीट व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती पहिलं आणि शेवटचं वाक्य आळीपाळीने वाचत राहिली. पहिलं वाचताना खांदे वर जायचे, तिचं तिलाच कळलं. इच्छा कितीही मोठी असो, ती माणसाला श्वास घेऊ देते. 'च' म्हणजे हट्ट, तो निसर्गाकडेच केलेला असतो आणि निसर्ग लेखी काही देत नाही. या एका अक्षरावर मी आजवर कितीतरी लोकांबरोबर बसले आहे आणि ते क्वचितच वाया गेलं आहे.

मेधाची झोप सुधारली. पण "बाळ" तोंडात येईना. चौथ्या भेटीत मी विचारलं, "मागच्या वेळी कळलं तेव्हा काय केलं होतंस?"

"सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलो होतो, रात्री अकराला. भुट्ट्याचा कीस खाल्ला. सगळ्यांना फोन केले, मामेबहिणीला अमेरिकेत झोपेतून उठवलं. तिसरा लागल्याबरोबर आईंनी चोरओटी भरली."

"आणि या वेळी?"

"काही नाही. काही करणारही नाही. तेव्हा फार उंच उडी मारली, म्हणून तेवढ्या जोरात आपटले."

"म्हणजे आता आनंद केला नाहीस आणि, देव न करो, काही झालं, तर कमी लागेल?"

ती बोलली नाही. खाली कचरागाडी गाणं वाजवत आली, थांबली, पुढे गेली. मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने घड्याळाकडे बघू नये.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "तेवढंच लागेल."

"मग एक विचारते. ते अकरा आठवडे, तो कीस, ते फोन, ती ओटी, सगळं तुझ्याकडून काढून घेतलं, तेव्हाही तू आत्तासारखीच कोरडी राहिली असतीस, तर आज बरं वाटलं असतं?"

तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "नको. ते नका घेऊ. तेवढंच तर आहे त्याचं माझ्याकडे."

गेलेल्या बाळाबद्दल "त्याचं" हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला होता.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ खोलीतच बसून होते. तोवर मीही ते अकरा आठवडे जखमेसारखेच हाताळत होते, भरून कधी येईल याची वाट बघत. मेधाने मला दाखवलं की ती तिची मिळकत होती. दुःख नंतर आलं, पण आधीच्या आनंदाला ते खोटं ठरवू शकलं नाही. म्हणून "आशा ठेव" म्हणताना मी आता पुढच्या महिन्यांचा भरवसा देत नाही, तो माझ्या हातात नाही. आज बाळ आहे, आज त्याला नाव घेऊन बोलावलं तर ते बोलावणं आजच पदरात पडतं, पुढे काहीही होवो. आनंद आवरून धरला म्हणून दुःखात सूट मिळत नाही, फक्त आजचा दिवस हातचा जातो.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "बाळाला अठरावा लागला." सहज.

बाकी गोष्टी मग भराभर झाल्या, आणि त्या प्रत्येकीला उपयोगी पडतील म्हणून लिहिते. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपायच्या आधीच सांगायचं: "मागच्या वेळी इथे वाईट बातमी मिळाली होती. आधी फक्त ठोके आहेत का तेवढं सांगा, बाकी मोजमाप नंतर." हे वाक्य आम्ही खोलीत तीनदा म्हणून पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली, प्रोब ठेवल्याबरोबर "आहेत, छान आहेत" म्हटलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. मनात येणाऱ्या शंका वहीत लिहायच्या, त्यांच्यासाठी संध्याकाळची वीस मिनिटं, आणि रात्री मोबाइलवर शोधाशोध बंद. भीतीने मेधा दिवसभर आडवी पडून असायची. आडवं पडून राहिल्याने गर्भपात टळतो असं दिसलेलं नाही, पाय आणि पाठ मात्र धरतात. डॉक्टरांना विचारून ती रोज अर्धा तास चालू लागली, नवऱ्याबरोबर. तो खाली स्कूटरवर बसून राहणारा मुलगा चालता चालता एकदा रडला, हेही तिनेच सांगितलं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून कुशीवर झोपावं. बाळाची हालचाल किती, यापेक्षा त्याची रोजची रीत ओळखावी. ती मंदावली असं वाटलं तर गोड खाऊन वाट बघत बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावं, भले रात्र असो. मेधा एकदा गेली, सगळं ठीक निघालं. तिला "वेडेपणा केला" असं वाटत होतं. मी म्हटलं, शंभरदा जा. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. गरोदरपणात चालणारी औषधं असतात. चालू असलेली आपल्या मनाने बंद करू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही मोफत लागतो.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा विषय निघाला, तेव्हा मेधाने सासूबाईंना आधी खजराण्याला चला म्हटलं. त्यांना वाटलं, नवस बोलायचा आहे. ती मागच्या भिंतीपाशी गेली आणि सरळ स्वस्तिक काढायला लागली.

"आई घाबरल्या, ताई. म्हणाल्या, अगं, अजून व्हायचंय, घाई काय? मी म्हटलं, हा याचा नाही, आधीच्याचा. त्याचे अकरा आठवडे झाले होते ना पूर्ण."

"मग?"

"थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग पिशवीतून कुंकवाची पुडी काढली आणि म्हणाल्या, खालचा हात पुसट आलाय, नीट गिरव."