चुकलेलं उत्तर खोडू नकोस

प्रिय नव्या बाई,

अनेक आशीर्वाद. वर्गात तू आता बाई झालीस, तरी मी तुला अगंतुगंच करणार.

गणिताच्या प्रशिक्षणात नुसते पीपीटी बघितले, हाती काही लागलं नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. हजेरीपटावर सही करूनही ते भरतात. पण जाताना वर्गातला एखादा अडलेला प्रश्न घेऊन गेलीस, तर समोरच्या तज्ज्ञालाही जरा जागं राहावं लागेल.

असा प्रश्न तुझ्याच पत्रात आहे. तिसरीतल्या बऱ्याच मुलांनी ५२ − ३८ = २६ लिहिलं आणि तू फुल्या मारून मोकळी झालीस. त्या वह्या पुन्हा उघड. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून पोरांनी आठातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे पहिलीत आपणच शिकवलेलं. त्यांनी ते इमानाने पाळलं! अशीच आणखी दहा उदाहरणं घातलीस तर चूक फक्त पक्की होईल. त्यापेक्षा रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेव आणि त्यातल्या ३८ मागून बघ. मूल तीन गठ्ठे देतं, दोन सुट्या देतं आणि अडतं. मग उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघत विचारतं, "बाई, रबर काढू का?" तोवर 'शेजारून दशक उसना घ्या' हे तोंडातून काढू नकोस. (तो दशक आपण परत कधी देतो, हे एखादं चौकस पोर विचारतंच.)

मंडईत आईबरोबर गाळ्यावर बसणारं एखादं मूल हेच उदाहरण तोंडी सोडवेल: ३८ चे ४० करायला दोन, वर बारा, झाले १४. 'पद्धतीने सोडव' म्हणून त्याला गप्प बसवू नकोस. फळ्यावर संख्यारेषा काढ आणि खडू त्याच्या हातात दे.

'त्र्याहत्तर' ऐकून, तीन आधी कानावर पडतात म्हणून, ३७ लिहिणारी मुलंही तुला भेटतील. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा पुण्यात काय रण माजलं होतं! थट्टाच जास्त झाली. पण त्यामागची अडचण खरी होती, हे पहिली-दुसरीला शिकवणारी कुठलीही बाई सांगेल.

आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, पुढच्या शिक्षण परिषदेला ती २६ वाली वही ने. केंद्रप्रमुखांना परिपत्रकं संपवायची घाई असेल, तरी पंधरा मिनिटं मागून घे. दोघी-तिघी मैत्रिणी जमल्या तर आणखी बरं. जपानमध्ये शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात: कोण कुठे अडलं, कुणी काय खोडलं. शिकवणाऱ्याला गुण द्यायला कुणी बसत नाही, त्यामुळे भीती राहत नाही. आपल्याकडे पाठनिरीक्षण म्हटलं की आधी पाठाच्या टाचणांची वहीच शोधली जाते.

आणि हो, १४ लिहिणाऱ्यांनाही विचार, "कसं काढलंस?" त्यातलंही एखादं ५२ पासून एकेक करत बोटांवर उलटं मोजत आलेलं असेल. त्याच्या वहीवर बरोबरची खूण करून तू पुढे गेलेली असशील.

तुझी,
जुन्या बाई