पाणविंचवाची शेपटी आणि वहीत लिहायचं नाव

प्रश्न: नमस्कार सर, रविवारी मुलाला घेऊन हिप्परगा तलावावर गेलतो, तिथं काठाच्या चिखलात वाळक्या पानासारखा चपटा किडा सापडला, पुढं आकड्यासारखे पाय अन् मागं लांब शेपटी. शेजारचे म्हणतेत विषारी विंचू आहे, मारून टाका. मुलानं मोबाईलवर फोटो टाकला तर ‘नेपा सिनेरिया’ नाव आलं. प्रोजेक्टच्या वहीत तेच लिहू का? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर: मारू नका हो! त्या शेपटीपायीच बिचारे लै मारले जातेत. ती नांगी नाहीच, श्वासाची नळी आहे, दोन पन्हाळी एकमेकींना चिकटून झालेली, तिचं टोक पाण्याच्या वर काढून हा खाली डोकं करून शिकारीची वाट बघत बसतो. मुलाला पाय मोजायला सांगा, आकडे धरून सहाच भरतील, विंचवाला आठ असतेत. हा पाणविंचू म्हणजे ढेकणाचा भाऊबंद. हातात दाबला तर सोंडेनं टोचतो, दुखतंय चांगलंच, पण विंचवासारखं नाही.

आता नाव. नेपा सिनेरिया युरोपाकडचा, ते लिहू नका. आपल्याकडचे असे चपटे म्हणजे लॅकोट्रेफिस, आणि काडीसारखे बारीक लांब असतेत ते रॅनाट्रा. गंमत बघा, स्वीडनचे जीवशास्त्रज्ञ लिनियस यांनी 1758 साली नेपा हे नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच विंचू, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांसारखंच त्यांनाही वाटलं! 1764 मध्ये त्यांनी एकाला ‘नेपा रुब्रा’ म्हटलं, रुब्रा म्हणजे तांबडी. पुढं 1866 ला स्वीडनच्याच स्टोल यांनी लॅकोट्रेफिस ही वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली, तो किडा तिकडं गेला आणि नाव झालं ‘लॅकोट्रेफिस रुबर’. नेपा स्त्रीलिंगी, लॅकोट्रेफिस पुल्लिंगी, म्हणून तांबडीचा तांबडा झाला, अगदी आपल्या मराठीसारखं. आणि आता त्या नावापुढं लिनियसचं नाव अन् 1764 कंसात लिहितात, कंस दिसला की समजायचं, मूळ नाव देताना प्रजाती दुसरी होती. मला हे फार आवडतं, एवढ्याशा कंसात किड्याचा सगळा प्रवास कळतो.

तुमच्या वहीत सध्या ‘लॅकोट्रेफिस एसपी.’ एवढंच लिहा, म्हणजे प्रजाती कळली, जाती ठरायची आहे. खाली तारीख, हिप्परगा तलाव, आणि अंगाची अन् नळीची लांबी वेगवेगळी मिलिमीटरमध्ये, कारण जाती ओळखताना नळी अंगाच्या मानानं केवढी हे बघावं लागतं. मोजून झालं की त्याच काठाला सोडून या.