‘फक्त एक नजर फिरवा’ असे सांगणाऱ्यांना काय कळवावे?

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी घरून संहितासंपादन आणि मुद्रितशोधन करते. निम्म्याहून अधिक काम एकाच प्रकाशनसंस्थेकडून येते. आता तिथल्या संहिता यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने, आधीच ‘साफ’ केलेल्या असतात, म्हणून ‘फक्त एक नजर फिरवा’ असे सांगून निम्मा दर देऊ केला जातो आणि तोही पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर. नकार दिला तर काम जाईल, होकार दिला तर महिन्याचा मेळ बसत नाही. हा व्यवसाय सोडावा का? – एक वाचक

उत्तर : सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ही ‘एक नजर’ किती तासांची असते, ते घड्याळ लावून मोजा. समजा, ६०,००० शब्दांची संहिता तुम्ही तासाला १,५०० शब्द या वेगाने तपासता, म्हणजे ४० तास लागतात. यंत्राने गुळगुळीत केलेल्या संहितेत प्रत्येक विधान पडताळावे लागल्यामुळे वेग १,००० शब्दांवर आला, तर तेच काम ६० तासांचे होते. मानधन निम्मे आणि वेळ दीडपट, म्हणजे तासामागची मिळकत पूर्वीच्या एक तृतीयांश. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते तुमच्या वहीत नोंदलेले असायला हवेत. दराच्या बोलण्यात ‘परवडत नाही’ या शब्दांपेक्षा ती नोंद अधिक उपयोगी पडते.

वेग मंदावतो याचे कारण तुम्हाला ठाऊक असेलच, पण ते प्रकाशकाला बहुधा ठाऊक नसते. लेखकाच्या कच्च्या संहितेत चूक स्वतःच हात वर करते : वाक्य लंगडते आणि आपण तिथे थांबतो. यंत्राच्या संहितेत वाक्य ठणठणीत असते, चूक अर्थात असते. प्रथमोपचाराच्या एका पुस्तिकेत मूळ वाक्य ‘शीर कापली गेल्यास जखम घट्ट दाबून धरावी’ असे होते. सुधारणा करणाऱ्या यंत्रणेने ‘शीर’चे ‘शिर’ केले आणि लिंग जुळवण्यासाठी ‘कापली’चे ‘कापले’ही करून टाकले. व्याकरण निर्दोष, शब्द कोशातला. फक्त नसेऐवजी डोके कापले गेले! संदर्भांचे दुखणे याहून अवघड असते. लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठक्रमांक सारे नीटनेटके मांडलेले असते आणि शोधायला गेल्यावर तो लेख अस्तित्वातच नसतो. अशा एका तळटीपेत अर्धा तास सहज जातो, आणि बिलात तो कुठेच दिसत नाही.

म्हणून संहिता न पाहता दर मान्य करू नका. नमुना मागताना पहिले प्रकरण मागू नका, कारण त्यावर सगळ्यांचेच हात फिरलेले असतात. मधल्या प्रकरणातले २,००० शब्द मागा, बदलांच्या खुणा ठेवून तपासा आणि लागलेल्या वेळेसह परत पाठवा. त्यासोबत दोन स्वतंत्र प्रस्ताव द्या. पहिल्यात केवळ शुद्धलेखन आणि विरामचिन्हे, आणि तथ्ये व संदर्भ तपासले जाणार नाहीत हे स्पष्ट लिहिलेले. दुसऱ्यात पूर्ण संपादन, पूर्ण दराने. निम्म्या दरात पूर्ण जबाबदारी हा तिसरा प्रस्ताव तुम्ही ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

पैशांची अट मला दरापेक्षाही अधिक खटकते. पुस्तक केव्हा प्रसिद्ध व्हावे हे तुमच्या हातात नाही. मुखपृष्ठ अडले, प्रस्तावना आली नाही, की तुमचे मानधनही अडते. मुदत संहिता सुपूर्द केल्याच्या दिवसापासून मोजली जावी, मोठ्या कामात एक तृतीयांश रक्कम आगाऊ मिळावी आणि ठरलेल्या दरात संहितेच्या किती फेऱ्या येतात, हेही लेखी असावे.

नकाराची भीती मात्र खरी आहे, कारण निम्मे उत्पन्न एका दारातून येते. ते दार आजच लावू नका. त्यांचा वाटा हळूहळू एक तृतीयांशावर आणा आणि मोकळे होणारे तास वैद्यकीय, कायदेविषयक, पाठ्यपुस्तके अशा, म्हणजे चूक महाग पडते अशा लेखनाकडे वळवा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, त्यानंतर जाहिरातींचे किंवा कार्यालयीन पत्रांचे साधे काम पूर्वीच्या प्रमाणात परत येईल, असा दिलासा मी देणार नाही. स्वतः अशी साधने वापरत असाल, तर लेखकाची अप्रकाशित संहिता लेखी परवानगीवाचून त्यांत टाकू नका.

प्रकाशनसंस्थेला या आठवड्यात इतकेच कळवा : ‘नमुना तपासला. २,००० शब्दांना अमुक तास लागले, अर्थ बदलणाऱ्या अमुक चुका आढळल्या, त्या खुणांसह जोडल्या आहेत. दोन्ही प्रस्तावांपैकी कोणता हवा, ते कळवावे.’ सोबत सर्वांत गंभीर चूक पहिल्याच ओळीत उद्धृत करा. जोडलेली फाईल उघडली जाईलच असे नाही.