पेटकरांचं उदाहरण आणि घरातला जखमी खेळाडू

"रोज पॅरालिम्पिक विजेत्या मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतो, तरी हा खोलीतून बाहेर येत नाही. एका गुडघ्यापायी एवढं?" एका कबड्डीपटूचे वडील विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जखमी खेळाडूंच्या घरून ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते.

मुलगा चढाईपटू. लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. बोलताना दोन बोटांनी टेबलावर बोनस गुणासाठी पाय कसा टाकायचा ते दाखवत होता. मध्येच हात मागे घेतला. "पेटकरांनी युद्धात गोळ्या खाल्ल्या. मला रडायचाही हक्क नाही."

पेटकर सांगली जिल्ह्यातले, लष्करातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय कायमचे अधू झाले. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. घरोघरी गोष्ट एवढीच सांगतात: गोळी आणि पदक. मधली सात वर्षं कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते खचलेल्या मुलाला गरज असते ती त्याच वर्षांची.

ती मी सांगितली. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९६८ला तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले, पदक नाही मिळालं. हायडेलबर्गलाही पोहण्याखेरीज भालाफेकीत उतरले होते. बॉक्सिंग मात्र सुटलं ते सुटलंच.

"म्हणजे त्यांचंही काहीतरी गेलंच," तो म्हणाला. मग हुकलेल्या निवड चाचणीबद्दल बराच वेळ बोलला, रडला. मी अडवलं नाही.

त्याचा खेळ संपलेला नाही. अशा ऑपरेशननंतर मैदानात परतायला बहुधा नऊ महिने किंवा जास्तच लागतात. निर्णय सर्जन आणि फिजिओचा. वडिलांना सांगितलं, तुलना पूर्ण बंद करा. व्यायामाच्या वेळी नुसते शेजारी बसा. झोप-जेवण तुटलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

सध्या तो सरावाला जाऊन लहान मुलांच्या चढाया मोबाइलवर टिपतो. कधी जातो, कधी नाही. 'आज का नाही गेलास?' हे न विचारणं वडिलांना जड जातं, पण पाळतात.