पोटातला जंतू आणि मनगटावरची दोन बोटं

"मॅडम, पोटातला जंतू हृदयापर्यंत जातो का ओ?" बेळगाव, खानापूर, चिकोडी, कुठलाही पेशंट असो, हा प्रश्न हल्ली सारखा येतो. रिपोर्टवर 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' (म्हणजे जठरात हा जंतू आहे) दिसतं, रात्री मोबाइलवर शोधाशोध होते आणि झोप उडते.

निपाणीचे एक गृहस्थ आले होते (ओळखीच्या खुणा बदलल्यात). पन्नाशीच्या आतले, तंबाखूच्या वखारीत हिशेबाला. औषधांचा 14 दिवसांचा कोर्स झालेला, नंतरची श्वासाची तपासणी निगेटिव्ह, हृदयाच्या तपासण्याही ठीक. तरी बोलताना उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळात. नाडी मोजणं चालूच.

मी आधी माहिती दिली. या जंतूमुळे अल्सर होतो हे दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना 2005 साली नोबेल मिळालं. जठराच्या कॅन्सरचा धोकाही त्यानं वाढतो, म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही. हृदयाशी नातं असल्याचा संशय 1994 पासून आहे. वर्षानुवर्षं राहिलेली सूज रक्तवाहिन्यांनाही त्रास देत असेल, असा तो विचार. पण पुढचे अभ्यास एकमेकांशी जुळले नाहीत. जंतू मारला म्हणजे हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही.

त्यांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न.

उत्तर मिळूनही प्रश्न उरतो, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो, असं मी बरीच वर्षं मानत आलेय. मी विचारलं, "हे कुणाच्या बाबतीत घडलंय?"

बोटं मनगटावरून सुटली. "वडील. रात्रभर 'गॅस झालाय' म्हणत होते. मी सोडा दिला. पहाटे गेले."

बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. मग मला धागा लागला. जंतू पोटातून हृदयापर्यंत जात असेल, तर वडिलांचं दुखणं पोटाचंच ठरत होतं, आणि यांचा सोडा चुकीचा ठरत नव्हता. जंतूची भीती होतीच, पण त्याच जंतूकडून त्यांना निर्दोष सुटकाही हवी होती. तसं बोलून दाखवलं, तर ते हुंदके देऊन रडले. "मला कळायला पाहिजे होतं की ओ."

"काका, हृदयाचं दुखणं पोटात जाणवू शकतं. भल्याभल्यांना ते गॅस वाटतं. तुम्ही जवळ होता, जे सुचलं ते केलंत."

त्या दिवसानंतर त्यांनी नाडी मोजली नाही. माझ्या कामातला हा दिवस मी जपून ठेवलाय.

तुम्हालाही हीच धास्ती असेल तर ऐका. छाती भरून येणं, घाम, दम, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, यातलं काहीही झालं तर सोडा घेऊन वाट बघू नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर जंतूचा कोर्स घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण काही अँटिबायोटिक तिच्याशी जमत नाहीत. बीपी, शुगर आणि तंबाखू, हृदयाला यांचा धोका पक्का आहे.

काकांनाही हेच सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. "वखारीत वासच असतो ओ, सुटंल कसं?"

दुपारच्या जेवणानंतरची तंबाखूची चिमूट सोडण्यापासून सुरुवात करायचं ठरलं.