वाचक विचारतात : नवशिक्या हातांचे गाणे

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून सतारी आणि तंबोरे बनवण्याचे काम चालते. पुण्यात शिकणारा पुतण्या सुट्टीत घरी आला की मोबाइलवर ‘लूझिंग माय रिलिजन’ हे इंग्रजी गाणे वारंवार लावतो. त्यातील मँडोलिन ऐकून मी हातातले काम थांबवले. वादकाचा हात फार तयार वाटत नाही, तरीही ते वाजवणे दोन दिवस डोक्यातून जात नाही. याचे कारण काय असावे? शिवाय गाण्याच्या नावाचा अर्थ ‘माझा धर्म सुटत चालला आहे’ असा होत असेल, तर हे नास्तिकाचे गाणे म्हणावे काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या कानांनी अचूक पकडले आहे. हे गाणे अमेरिकेतील ‘आर. ई. एम.’ या चौघांच्या बँडचे असून ते फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘सिंगल’, म्हणजे अल्बमबाहेर सुटे गाणे, म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात मँडोलिन वाजवणारे पीटर बक हे मूळचे इलेक्ट्रिक गिटारचे वादक होते आणि हे गाणे सुचले तेव्हा ते मँडोलिन शिकत होते. १९८९ मधील लांबलचक दौऱ्यानंतर त्यांना त्याच त्या गिटारचा कंटाळा आला होता. घरी दूरचित्रवाणीसमोर बसून ते मँडोलिनवर बोटे फिरवत आणि जे वाजेल ते टेपवर घेत. दुसऱ्या दिवशी टेप लावून पाहिली, तर बराच वेळ नुसते शिकाऊ चाचपडणे, त्यात अचानक या गाण्याची सुरावट आणि मग पुन्हा चाचपडणे, असा प्रकार होता, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपल्याला जो कच्चा हात जाणवला, तो असा गाण्याच्या जन्मातच आहे.

आपण वाद्य घडवणारे आहात, म्हणून थोडे खोलात जाऊन लिहितो. मँडोलिनला आठ तारा असतात, पण त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत लावलेल्या असतात आणि शेजारच्या दोन जोड्यांमध्ये षड्ज-पंचमाचे अंतर असते. गिटारच्या बहुतेक तारांमध्ये हे अंतर षड्ज-मध्यमाचे असते. त्यामुळे गिटारवर वर्षानुवर्षे बसलेली बोटे मँडोलिनवर गेली की ओळखीच्या जागी अनोळखी स्वर सापडतात. दुसरी गोष्ट अशी की मँडोलिनचा स्वर टिकत नाही. आपल्या तंबोऱ्याला जवारी असते आणि तार छेडल्यावर स्वर बराच वेळ घुमत राहतो, तर मँडोलिनचा स्वर उमटतो आणि लगेच विरतो. म्हणूनच आपल्याकडच्या चित्रपटसंगीतातील मँडोलिनवादक एकाच स्वरावर नखी भराभर वरखाली फिरवून तो लांबवत असत. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातील लक्ष्मीकांत हे आधी मँडोलिनवादकच होते आणि किशोर देसाई यांचे मँडोलिन कित्येक हिंदी गाण्यांत आहे. त्या तयारीच्या वादनाशी बक यांचे वादन ताडून पाहिले, तर फरक लगेच ध्यानात येतो. बक स्वर लांबवण्याच्या फंदात पडत नाहीत. चार-सहा स्वरांची एक छोटी जागा ते घेतात, मग सरळ झंकारत पुढे जातात आणि पुन्हा त्याच जागेवर येतात. विरत चाललेल्या स्वराला त्यांनी विरू दिले आहे, आणि मनातली गोष्ट बोलू की नको या घालमेलीत सापडलेल्या माणसाच्या गाण्याला ते फार शोभून दिसते.

यातील स्वरसंगती मात्र अगदी रोजच्या वापरातल्या आहेत. ए मायनर, ई मायनर, डी मायनर आणि जी एवढ्यांवर अंतऱ्यांचा डोलारा उभा आहे, आणि त्या आमच्या नेहमीच्याच होत्या, हे बक यांनीही कबूल केले आहे. सुरावट सुचायला पाच मिनिटे लागली आणि गायक मायकेल स्टाइप यांचे शब्द तासाभरात तयार झाले, असेही ते सांगतात. याचा अर्थ गाणे आपोआप झाले असा कोणी घेऊ नये. माझ्या मते खरे कौशल्य त्यापुढे आहे.

न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत, निर्माते स्कॉट लिट यांच्यासह, १९९० मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. तेथे एक अडचण उभी राहिली. मँडोलिन वरच्या पट्टीत वाजणारे आणि माइक मिल्स यांची बास गिटार खर्जात, त्यामुळे दोहोंच्या मधली जागा मोकळी पडली. तळमजला आहे, गच्ची आहे, पण मधले मजलेच नाहीत, अशी ती अवस्था होती. दौऱ्यांत बँडला साथ करणारे पीटर होल्सॅपल यांना साध्या गिटारवर बसवून ती पोकळी भरण्यात आली. स्टाइप यांनी गायन एका दमात, एकाच प्रयत्नात केले. पुढे अटलांटा येथे सिम्फनी ऑर्केस्ट्रातील वादकांकडून व्हायोलिन-चेलोची साथ भरून घेतली गेली. ती किती बेताने वापरली आहे, हे पुतण्याच्या मोबाइलऐवजी चांगल्या स्पीकरवर ऐकून पाहा. एवढी मंडळी जमवून झाल्यावर एखाद्या अनुभवी वादकाला बोलावून मँडोलिन पुन्हा वाजवून घेणे सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. शिकाऊ हाताच्या भोवतीची जागा त्यांनी भरली आणि हात तसाच राहू दिला. ते वाजवणे आपल्या डोक्यातून जात नाही, त्याचे मला सुचणारे कारण हेच आहे.

आता नावाविषयी. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा जुना वाक्प्रचार आहे. कोणी इतके छळले की चर्चमध्ये अंगी बाणवलेले सौजन्यसुद्धा गळून पडले, म्हणजेच सहनशक्ती संपली, धीर सुटला, असा त्याचा अर्थ होतो. आर. ई. एम. हा जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावातला बँड, त्यामुळे ही बोली त्यांच्या कानावरची होती. आपण मराठीत ‘देव पाण्यात घालून बसलो आहे’ किंवा ‘त्यात आता राम उरला नाही’ असे म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात पूजाअर्चा नसते आणि ऐकणारा देवाचा अपमान झाला असेही समजत नाही. हा प्रकार त्यातलाच आहे. गाणे आहे ते एकतर्फी प्रेमाचे. आवडत्या माणसाच्या प्रत्येक हालचालीत खूण शोधणारा, आपण जास्त बोललो की कमी बोललो या विचाराने हैराण झालेला माणूस त्यात आहे. स्टाइप यांनीही ते प्रेमाने पछाडलेल्या मनाचे गाणे असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. पुतण्याच्या श्रद्धेची काळजी करू नये. त्याच्या मनात कोणी भरले आहे का, हे मात्र मायेने विचारायला हरकत नाही.

प्रश्न : या गाण्याला ठरलेले ध्रुवपद नाही, नाचावे असा ठेका नाही आणि पुढे वाद्य आहे ते मँडोलिन. तरीही ते एवढे लोकप्रिय कसे झाले? त्याला ‘अल्टरनेटिव्ह’ का म्हणतात?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आपण मांडलेल्या शंका त्या वेळी रेकॉर्ड कंपनीतील लोकांनाही होत्या. ‘आउट ऑफ टाइम’ या अल्बममधून आधी हेच गाणे बाहेर काढायचे, असा बँडचा आग्रह होता आणि वॉर्नर ब्रदर्समध्ये त्यावर बराच काळ चर्चा चालली. शेवटी बँडचे म्हणणे मान्य झाले.

अमेरिकेत १९८० च्या दशकात विद्यापीठांची स्वतःची छोटी रेडिओ केंद्रे होती. मोठी व्यापारी केंद्रे ज्यांना हात लावत नसत अशी गाणी विद्यार्थी तेथून वाजवत, आणि त्या संगीताला पुढे ‘अल्टरनेटिव्ह’ हे नाव पडले. १९८० मध्ये स्थापन झालेला आर. ई. एम. हा त्या केंद्रांचा लाडका बँड होता. त्यामुळे हे गाणे आले तेव्हा त्याच्या पाठीशी दहा वर्षांत एकेक करून जोडलेला श्रोता उभा होता, ही गोष्ट यशाची कारणे शोधताना अनेकदा नजरेआड होते. मग एकेक दार उघडत गेले. आधी या प्रकारच्या संगीताची केंद्रे, नंतर रॉकची आणि शेवटी ज्यांनी आर. ई. एम. हे नावही ऐकले नव्हते अशी सर्वसाधारण पॉप केंद्रे ते वाजवू लागली. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्या यादीत बँडला याहून वरचे स्थान कधीच मिळाले नाही. ब्रिटनमध्ये ते एकोणिसाव्या क्रमांकावर थांबले, अल्बम मात्र दोन्ही देशांत पहिला आला. विशेष म्हणजे या अल्बमसाठी बँडने दौराच काढला नाही. १९९२ च्या ग्रॅमी सोहळ्यात या गाण्याला गायन-वादन गटाच्या पॉप सादरीकरणाचे आणि लघु चित्रफितीचे अशी दोन पारितोषिके मिळाली, तर सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचे पारितोषिक ‘आउट ऑफ टाइम’ला मिळाले.

ध्रुवपदाबद्दल एवढेच म्हणेन की ते नाही असे आपल्याला वाटते, कारण आपण ते शब्दांत शोधतो. ज्या जागेवर परत आल्यावर जिवाला बरे वाटते ते ध्रुवपद, असे मानले तर या गाण्यात मँडोलिनची ती छोटी जागाच ध्रुवपदाचे काम करते.

प्रश्न : या गाण्याची चित्रफीत भारतीय माणसाने दिग्दर्शित केली, हे खरे आहे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय. तरसेम सिंग हे जालंधरचे, आणि ही चित्रफीत त्यांनी तरुण वयात केली. तिची सुरुवात पाहण्यासारखी आहे. अंधाऱ्या खोलीत स्टाइप बसले आहेत, उघड्या खिडकीशी पाणी ठिबकते आहे, बाकीचे तिघे खोलीतून धावत जातात आणि खिडकीच्या कट्ट्यावरचे दुधाचे भांडे खाली पडून फुटते. त्यानंतर मँडोलिन सुरू होते. हे फुटणारे भांडे रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की यांच्या चित्रपटाची आठवण म्हणून घेतलेले आहे. पुढे दिसणारा पंखांचा म्हातारा कोलंबियाचे लेखक गार्सिया मार्केस यांच्या कथेतून आला आहे, तर अंधारातून उजळणारे देह इटालियन चित्रकार काराव्हाज्जो यांच्या पद्धतीचे आहेत. या सगळ्यांत ख्रिस्ती संतांच्या बरोबरीने हिंदू देवतांची रूपेही आहेत आणि ती थेट आपल्याकडच्या कॅलेंडरवरच्या चित्रांसारखी झगमगीत, ठसठशीत रंगांची आहेत. भावना लपवून न ठेवता भडक, स्वप्नवत रंगांत मांडण्याची भारतीय चित्रपटांची रीत तरसेम यांना तेथे आणायची होती. लाजऱ्या माणसाच्या आतल्या घालमेलीला हा नाटकी थाट कसा मानवेल, अशी शंका मला पहिल्यांदा पाहताना आली होती. आता वाटते, की जो माणूस बोलत नाही त्याच्या मनात अशीच जत्रा भरलेली असते, आणि हे तरसेम यांना बरोबर कळले होते. १९९१ मध्ये एमटीव्हीने या चित्रफितीला वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रफितीसह सहा पारितोषिके दिली.

प्रश्न : हा बँड अजून कार्यक्रम करतो काय?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नाही. ढोलवादक बिल बेरी १९९७ मध्ये बाहेर पडले आणि उरलेल्या तिघांनी २०११ मध्ये बँड विसर्जित केला. मात्र १३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्क येथे गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात हे चौघे बऱ्याच वर्षांनी एकत्र उभे राहिले आणि त्यांनी एकच गाणे सादर केले. ते हेच होते, आणि मँडोलिन पीटर बक यांच्याच हातात होते.